पायाच्या खड्ड्यापासून स्लॅब उघडेपर्यंत: बांधकामावर माणूस जपायचा कसा

बांधकामावर जीव जातात ते मुख्यतः चार कारणांनी. उंचावरून पडून, अंगावर काही कोसळून किंवा वाहनाचा धक्का लागून, विजेच्या शॉकने, आणि मातीखाली गाडलं जाऊन किंवा यंत्रात सापडून. यात पडण्याचा नंबर सगळ्यांत वर. साइट दोन मजली घराची असो की वीस मजली टॉवरची, ही यादी फारशी बदलत नाही. फरक एवढाच की मोठ्या साइटवर सेफ्टी ऑफिसर असतो, आणि छोट्या साइटवर ठेकेदार, मुकादम किंवा नवख्या इंजिनीअरलाच बाकी सगळं सांभाळून हेही बघावं लागतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. घर बांधून घेणाऱ्या मालकानेही तो वाचावा, कारण पैसा आणि घाई या दोन्हींच्या दोऱ्या त्याच्याच हातात असतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. सेफ्टी म्हटलं की डोळ्यांपुढे हेल्मेट आणि बेल्ट येतात. दोन्ही हवेतच, पण ते शेवटचे उपाय आहेत. आधी विचारायचं की हा धोका मुळातच टाळता येईल का. छताची कैची वर चढून जोडण्याऐवजी जमिनीवर जोडून क्रेनने उचलली, तर उंचावरचं बरंचसं काम उरतच नाही. टाळता येत नसेल तर कमी धोक्याची पद्धत आहे का ते बघायचं. तीही नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये कठडा, जाळी, गार्ड असं काहीतरी आणायचं. त्यानंतर कामाची शिस्त, आणि सगळ्यांत शेवटी अंगावरची साधनं. कठडा एकदा लावला की तो सगळ्यांना, दिवसभर, कुणी विसरलं तरी वाचवतो. बेल्ट वाचवतो तो दर वेळी हूक अडकवला तरच. पुढचा प्रत्येक टप्पा हा क्रम डोक्यात ठेवून वाचा.

काम सुरू होण्याआधी

पहिली कुदळ मारण्याआधी साइटभोवती एक फेरी मारा, आणि ती मारताना वर, खाली आणि बाजूला बघा. वर विजेच्या तारा आहेत का? सळई, शिडी, परांचीचा पाइप किंवा क्रेनचा हात त्यांच्यापासून निदान ३ मीटर लांब राहिला पाहिजे, आणि लाइन जास्त दाबाची असेल तर त्याहून बरंच अधिक. तार जवळ असेल तर वीज कंपनीकडून ती बंद करून घेणं किंवा हलवून घेणं हाच खरा उपाय. 'जपून काम करा' हे सांगणं पुरेसं नाही, कारण सहा मीटरची सळई खांद्यावर घेऊन वळणाऱ्या माणसाला तिचं मागचं टोक दिसत नसतं. खाली केबल, गॅसची लाइन, जुनी विहीर किंवा गटार आहे का, याची चौकशी करा. बाजूला शेजारच्या इमारतीचा पाया तुमच्या खोदाईला किती जवळ येतो ते तपासा.

त्याच फेरीत गाड्या कुठून येतील, कुठे वळतील, माणसं कुठून चालतील हे ठरवून टाका. मागे येणाऱ्या डंपरखाली माणूस सापडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: गाडी आणि पायी चालणारा, दोघांचा रस्ता एक. शक्य तिथे गाडीला मागे यावंच लागणार नाही असा फेरा आखा. जिथे यावं लागेल तिथे इशारा करणारा माणूस एकच असावा, आणि तो ड्रायव्हरच्या आरशात दिसेल अशा जागी उभा राहावा. तो दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे.

रोज सकाळी पाच-दहा मिनिटं सगळ्यांना एकत्र घेऊन त्या दिवसाच्या कामाबद्दल बोला. सर्वसाधारण उपदेशाचा काही उपयोग होत नाही. 'आज जिन्याच्या बाजूचा कठडा काढावा लागणार आहे, तिकडे अमुक दोघांशिवाय कुणी जायचं नाही' असं नेमकं सांगा, आणि कामगारांना समजेल त्या भाषेत सांगा. साइटवर तीन भाषा बोलल्या जात असतील तर तिन्ही भाषांत सांगणारं कुणीतरी हवं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकट्याला कामाला लावू नका.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी, सर्वांदेखत सांगून टाका: जीवावर बेतेल असं वाटलं तर काम थांबवून बाजूला व्हायचं आणि लगेच मुकादमाला सांगायचं, त्याबद्दल कुणाचा रोज कापला जाणार नाही. ही मेहेरबानी नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या बांधकामविषयक करारात, क्रमांक १६७, कामगाराचा हा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, आणि २०२२ मध्ये संघटनेने सुरक्षित व निरोगी कामाची जागा हा कामाच्या ठिकाणचा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. पण कागदावरचा हक्क साइटवर खरा ठरतो तो पहिल्यांदा कुणी काम थांबवतो तेव्हा. त्या वेळी मुकादम त्याच्यावर ओरडला, तर पुढे कुणीही तोंड उघडणार नाही.

खोदकाम

मातीच्या खड्ड्याची भीती लोकांना वाटत नाही, आणि तिथेच घात होतो. एक घनमीटर माती साधारण दीड ते दोन टन भरते, म्हणजे लहान मोटारीएवढं वजन. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचं डोकं वर मोकळं असलं तरी तो गुदमरू शकतो. प्रत्येक श्वास सोडताना छाती आत जाते, तेवढ्या जागेत माती सरकते, आणि पुढचा श्वास घ्यायला छाती फुगतच नाही. हे सगळं काही मिनिटांत होतं.

खड्ड्याची बाजू का ढासळते? जमिनीत माती एकमेकींना चहूबाजूंनी दाबून धरते. आपण खोदतो तेव्हा एका बाजूचा आधार काढून घेतो. सुरुवातीला ओलाव्यामुळे आणि चिकटपणामुळे ती उभी राहते, म्हणून मनाला वाटतं की माती पक्की आहे. मग ऊन लागून ती वाळते, तडे जातात, किंवा पाऊस पडून ती जड आणि सैल होते. कडेला मुरुमाचा ढीग पडतो, शेजारून डंपर जातो, जमीन हादरते. सकाळी उभी असलेली भिंत दुपारी कोसळते ती अशी.

म्हणून खोली साधारण १.५ मीटर झाली की बाजूंना आधार दिल्याशिवाय किंवा उतार काढल्याशिवाय माणूस आत उतरवू नका. माती भुसभुशीत असेल, पूर्वी भर घातलेली असेल किंवा पाणी झिरपत असेल, तर याहून कमी खोलीतही आधार द्या. उतार किती? मातीची खात्री नसेल तर दर १ मीटर खोलीला १.५ मीटर आडवा धरा. म्हणजे २ मीटर खोल चरासाठी दोन्ही बाजूंना ३-३ मीटर जागा सुटली पाहिजे. एवढी जागा छोट्या प्लॉटवर बहुधा नसतेच. तिथे फळ्या, आडवे वासे आणि जॅक लावून बाजू धरून ठेवाव्या लागतात, आणि ते लावताना व काढतानाही माणूस आधार नसलेल्या भागात उभा राहता कामा नये. आधाराचा आराखडा इंजिनीअरकडून घ्या.

निघालेली माती, विटा, खडी हे सगळं कडेपासून निदान ६० सेंटिमीटर लांब. माझं म्हणणं विचाराल तर एक मीटर. शिडी आत ठेवलेलीच असावी, आणि कुणालाही तिच्यापर्यंत जायला साडेसात मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. रोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर खड्डा जाणत्या माणसाने तपासावा. कडेला समांतर गेलेली भेग दिसली, कडेची जमीन किंचित खचलेली वाटली, किंवा बाजूतून बारीक माती सतत घरंगळताना दिसली, तर आतल्यांना लगेच बाहेर घ्या.

आणि माती ढासळलीच, तर कुणीही आत उडी टाकू नका. पहिल्या ढासळीनंतर दुसरी येण्याची शक्यता मोठी असते. अग्निशमन दलाला बोलवा, कडेच्या गाड्या आणि माणसं लांब करा, पाणी येत असेल तर पंप लावा. जेसीबीच्या बकेटने माणूस उकरून काढायचा प्रयत्न अजिबात करू नका.

परांची

परांची कोसळते ती बऱ्याचदा पायापासून. पाइपचा पाय थेट मातीवर किंवा विटेच्या तुकड्यावर टेकवलेला असतो, रात्रीत पाऊस पडतो, एक पाय चार बोटं खचतो आणि वरचं सगळं एका बाजूला झुकतं. पायाखाली बेसप्लेट, म्हणजे सपाट लोखंडी पट्टी, आणि तिच्याखाली रुंद लाकडी फळी हवी. पाइप ओळंब्यात हवेत. तिरकस आधार दोन्ही दिशांना हवेत. परांचीची उंची तिच्या सगळ्यांत अरुंद बाजूच्या चौपटीहून जास्त होत असेल, तर ती इमारतीला पक्की बांधलेलीच असली पाहिजे.

या बांधणीकडे जरा थांबून बघा, कारण खरा बिघाड इथे होतो. परांची बांधणारे लोक ती नीट बांधून जातात. मग प्लास्टर करणारा गवंडी येतो. भिंतीला जिथे टाय, म्हणजे परांची इमारतीला धरून ठेवणारा जोड, बांधलेला असतो, तिथे त्याची थापी अडते. तो टाय सोडतो, तेवढा भाग गुळगुळीत करतो आणि पुढे सरकतो. टाय पुन्हा लावणं हे त्याचं काम नाही असं त्याला वाटतं, आणि एका अर्थी खरंही आहे. आठवड्याभरात एका बाजूचे सगळे टाय सुटलेले असतात आणि खालून बघणाऱ्याला परांची पहिल्यासारखीच उभी दिसते. म्हणून नियम करा: परांचीचा एकही भाग तो बांधणाऱ्या टोळीशिवाय कुणी काढायचा नाही. काढायची गरज पडली तर सांगायचं, पर्यायी टाय आधी लागेल, मग जुना निघेल. परांचीवर चढण्याच्या जागी एक पाटी लावा: हिरवी म्हणजे तपासलेली, लाल म्हणजे चढू नका. तपासणी दर आठवड्याला, आणि वादळ-पावसानंतर लगेच.

उभं राहायच्या जागी फळ्या पूर्ण रुंदीला आणि घट्ट बसवलेल्या असाव्यात. कंबरेच्या जरा वर, साधारण १ ते १.१ मीटर उंचीवर कठडा, मध्ये आणखी एक आडवा पाइप, आणि पायाशी १० ते १५ सेंटिमीटरची उभी फळी. ही पायाशी असलेली फळी लोक वगळतात. ती परांचीवरच्या माणसासाठी जेवढी आहे, तेवढीच खालून जाणाऱ्यासाठी आहे. चौथ्या मजल्यावरून निसटलेली हातोडी कुणालाही मारू शकते. चढायला वेगळी शिडी द्या, तिरकस पाइपांवरून माकडासारखं चढणं बंद करा. विटांचा ढीग एका जागी रचू नका. बांबूची परांची असेल तर कुजलेले, चिरलेले बांबू रंग लावून बाद करा, आणि दोरीच्या गाठी रोज बघा.

सुट्या शिडीसाठी दोन गोष्टी पुरेत. चार भाग उंचीला एक भाग पाया पुढे, आणि वरचं टोक जिथे उतरायचं त्याच्या वर जवळजवळ एक मीटर जाऊन बांधलेलं.

स्लॅबची कड, डक्ट आणि भोकं

स्लॅब उघडला, म्हणजे त्याखालच्या फळ्या आणि टेकू काढले, की त्याच दिवशी कडेला कठडा लागला पाहिजे. लिफ्टचा डक्ट, जिन्याची मोकळी बाजू, बाल्कनीची जागा यांनाही तेच.

स्लॅबमधल्या भोकांबद्दल मात्र वेगळं लिहायला हवं. पाइपसाठी सोडलेल्या चौकोनी भोकावर प्लायचा तुकडा ठेवून देतात. काही दिवसांनी एखादा बिगारी तो तुकडा दुसऱ्या कामासाठी उचलतो. दोन्ही हातांनी छातीसमोर प्लाय धरलेला असतो, त्यामुळे पायाखालचं दिसत नाही. तो एक पाऊल पुढे टाकतो आणि त्याच भोकातून खाली जातो. असे मृत्यू जगभर होत आले आहेत. उपाय स्वस्त आहे: झाकण खिळ्यांनी किंवा बोल्टने जखडा, त्यावर ठळक रंगात 'खाली भोक आहे, काढू नका' असं लिहा, आणि त्यावरून जाणाऱ्या माणसांच्या व मालाच्या दुप्पट वजन पेलेल एवढं ते जाड ठेवा. मोठ्या भोकांत स्लॅबची सळई आरपार सोडून जाळी ठेवता येते, पाइप टाकताना हवी तेवढीच कापायची. हे नकाशा काढतानाच ठरवलं तर खर्च जवळपास काहीच नाही.

सिमेंटच्या आणि प्लॅस्टिकच्या पत्र्यांवर कधीही थेट पाय देऊ नका. ते माणसाचं वजन पेलत नाहीत. आधाराच्या लोखंडावर रुंद फळ्या टाकून त्यांवरूनच चाला, आणि खाली जाळी लावा.

बेल्ट, हूक आणि जाळी

कठडा लावणं खरोखर शक्य नसेल तिथे हार्नेस. नुसता कंबरेचा पट्टा नको. पडताना सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर बसतो, किंवा माणूस त्यातून निसटतो. खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पूर्ण हार्नेसच हवा.

पण हार्नेस घालून काम संपत नाही. हूक कुठे अडकवला आहे? पडणारा माणूस त्या जागेला स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट झटका देतो, म्हणून अमेरिकेच्या नियमांत अशी जागा एका माणसामागे सुमारे २,२७० किलोचा भार पेलणारी हवी असं धरलेलं आहे. परांचीचा आडवा पाइप, खिडकीची चौकट, सेंट्रिंगचा प्रॉप (स्लॅब ओतायच्या फळ्यांच्या साच्याखालचा टेकू) यांतलं काहीच त्यात बसत नाही. कॉलमभोवती टाकलेला पट्टा किंवा इंजिनीअरने ठरवलेली जीवनदोरी, म्हणजे हूक अडकवण्यासाठी ताणून बांधलेला दोर, बसते.

आता खाली किती जागा लागते ते बघा. दोरी १.८ मीटर, झटका शोषणारा पट्टा उघडून आणखी सुमारे १.१ मीटर, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, आणि त्याशिवाय एक मीटर राखीव. बेरीज ५.४ मीटर. म्हणजे हूक जिथे अडकवला त्या जागेखाली एवढी मोकळी जागा नसेल, तर माणूस हार्नेस घालूनही जमिनीवर आपटेल. तीन मीटर उंचीच्या पहिल्या स्लॅबवर गुडघ्याशी हूक अडकवून काम करणाऱ्याची हीच गत आहे. तिथे दोरी इतकी आखूड ठेवा की तो कडेपर्यंत पोहोचणारच नाही. नाहीतर डोक्याच्या वर अडकवता येणारा, झटका बसताच लॉक होणारा रील वापरा, आणि त्याला किती जागा लागते ते बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात बघा.

लटकलेल्या माणसाला खाली कसं आणायचं हेही आधी ठरवा. हार्नेसमध्ये न हलता लटकत राहिलं की पायांत रक्त साचतं, आणि थोड्याच वेळात शुद्ध हरपू शकते. 'फायर ब्रिगेड येईल' हा पुरेसा बेत नव्हे. शिडी, दोर आणि ते वापरणारी माणसं साइटवरच हवीत. एकदा झटका खाल्लेला हार्नेस आणि दोरी कापून फेकून द्या.

जाळीचं एक जुनं उदाहरण सांगण्यासारखं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं काम १९३३ ते १९३७ चाललं, आणि कामाखाली मोठी जाळी बांधलेली होती. तिने १९ जणांचे प्राण वाचवले. पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजी परांचीचा एक जड भाग तुटून जाळीवर पडला, जाळी फाटली आणि १० जण गेले. जाळी माणसाला धरते, लोखंडी सांगाडा धरत नाही. ती लावली म्हणून वरची बांधणी ढिली चालते असं नाही.

सेंट्रिंग आणि स्लॅब

ओल्या काँक्रीटला स्वतःची ताकद नसते, सगळं वजन प्रॉप आणि फळ्यांवर असतं. १५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब दर चौरस मीटरला जवळपास पावणेचारशे किलो भरतो, वर माणसं, हातगाड्या आणि काँक्रीट बसवणारे व्हायब्रेटर वेगळे. म्हणून प्रॉप ओळंब्यात, पक्क्या तळावर, आणि आडव्या-तिरप्या पाइपांनी एकमेकांना बांधलेले हवेत. उंची कमी पडली म्हणून प्रॉपखाली विटा रचणं, एका बल्लीवर दुसरी बल्ली ठोकणं, हे थांबवा. काँक्रीट एका जागी डोंगरासारखं ओतू नका, पसरत चला. ओतण्याच्या वेळी खाली फक्त सेंट्रिंगवर लक्ष ठेवणारा माणूस, तोही बाहेरच्या बाजूने, आणि हाक मारताच ओतणं थांबेल अशी व्यवस्था.

प्रॉप कधी काढायचे? अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंड इथे २७ एप्रिल १९७८ रोजी एका कूलिंग टॉवरचं काम चालू होतं. परांची टॉवरच्याच आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटला जखडलेली होती. त्याला पुरेशी ताकद आलेली नव्हती. ते सुटलं, परांची गोल फिरत कोसळली आणि ५१ कामगार मेले. काँक्रीटचं वय ताकद सांगत नाही. थंडीत ते हळू पिकतं, सिमेंटच्या प्रकारानुसारही फरक पडतो. क्यूबची, म्हणजे त्याच काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांची, चाचणी बघून इंजिनीअरने लेखी सांगितल्याशिवाय एकही प्रॉप हलवू नका, मग वरच्या मजल्याची कितीही घाई असो. काढताना साध्या स्लॅबला मध्यापासून आधाराकडे या, आणि सज्ज्याला किंवा बाल्कनीला मोकळ्या टोकापासून भिंतीकडे. उलट केलंत तर ज्या भारासाठी सळई घातलेलीच नाही तो भार तिथे येतो. खाली दुसरं कुणी नको.

उभ्या सळयांच्या टोकांना टोप्या घाला किंवा ती वाकवा. काढलेल्या फळ्यांचे खिळे त्याच वेळी उपटा. खिळा पायात गेला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे का ते विचारा, जखम कितीही लहान दिसली तरी.

वीज आणि यंत्रं

साइटवरची वीज पाण्यात, लोखंडात आणि ओल्या हातांत वापरली जाते, त्यामुळे घरची बेफिकिरी इथे चालत नाही. प्रत्येक सॉकेटच्या मागे ३० मिलिॲम्पिअरचं गळती ओळखणारं स्विच बसवा. माणसाच्या अंगातून प्रवाह जाऊ लागताच, हृदयाचे ठोके बिघडण्याआधी, ते वीज तोडतं. त्याचं 'टेस्ट' बटण दाबून बघा, आणि दाबल्यावर वीज तुटली नाही तर त्या लाइनवर काम बंद. उघड्या वायरी आगकाड्यांनी सॉकेटमध्ये खोचणं बंद करा. केबल पाण्यातून नको, टांगून न्या. व्हायब्रेटर आणि मिक्सरचं अर्थिंग तपासा.

ग्राइंडरचं गार्ड काढलेलं दिसलं की मशिन ताब्यात घ्या. डिस्कवर लिहिलेले मिनिटाचे फेरे मशिनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतील तर डिस्क फुटून तोंडावर येते. क्रेनने उचललेल्या भाराखाली कुणी उभं राहायचं नाही, आणि स्लिंग, म्हणजे भार बांधायचा दोर किंवा पट्टा, रोज तपासायची, एवढं इथे पुरे.

पाण्याच्या टाक्या

जमिनीखालच्या टाकीचं सेंट्रिंग काढायला उतरणं हा न दिसणारा सापळा आहे. बंद टाकीत ओलं लाकूड कुजत राहतं आणि हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. वास येत नाही, धूर दिसत नाही. पहिला माणूस उतरतो आणि बसकण मारतो. दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. अशा दुर्घटनांत वाचवायला गेलेले लोकही बळी पडतात.

झाकणं उघडून ब्लोअरने ताजी हवा भरा. मीटरने ऑक्सिजन मोजा, तो १९.५ टक्क्यांहून कमी असेल तर उतरू नका. आतल्याच्या हार्नेसला दोर बांधून त्याचं टोक वर ठेवा, आणि वर एक माणूस सतत हजर असू द्या, ज्याने काहीही झालं तरी आत उतरायचं नाही. विषारी वायूची शंका असेल तर त्याचीही मोजणी हवी. मीटर नसेल तर ते भाड्याने आणेपर्यंत काम थांबवा.

हळूहळू होणाऱ्या इजा

यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही, कारण रक्त दिसत नाही.

ओल्या काँक्रीटची अल्कधर्मी तीव्रता १२ ते १३ पीएच असते. गवंडी फरशीवर गुडघे टेकून काम करतो, पँट भिजते, आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. संध्याकाळी कपडे काढताना कातडी भाजलेली दिसते, कधी आत मांसापर्यंत. गमबूट आत काँक्रीट गेल्यावर न काढता घातलेले राहिले तरी हेच होतं. पाणी न झिरपणारे गुडघ्याचे पॅड, हातमोजे, उंच बूट द्या, आणि जवळ भरपूर स्वच्छ पाणी ठेवा. भिजलेला कपडा लगेच काढून निदान २० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं. डोळ्यांत गेलं तर धूत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडे जायचं.

काँक्रीट, दगड किंवा टाइल कोरडी कापताना उडणारी बारीक सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही. रुमाल बांधून ही धूळ थांबत नाही. पाणी सोडत कापा, किंवा धूळ ओढणारं यंत्र मशिनला जोडा, आणि त्यानंतर चेहऱ्याला घट्ट बसणारा श्वसनमास्क. कोरडा झाडू मारू नका, आधी पाणी शिंपडा.

उन्हाने होणारे मृत्यू बहुतेक वेळा कामाच्या पहिल्या काही दिवसांत होतात, कारण शरीराला सवय झालेली नसते. नव्या माणसाला, किंवा सुट्टीवरून परतलेल्याला, पहिल्या दिवशी उन्हातलं काम एक पंचमांश द्या आणि रोज तेवढंच वाढवा. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी, सावलीत विश्रांती. घाम येवो न येवो, माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर तो उष्माघात समजा. अंगावर थंड पाणी ओता, वारा घाला, बर्फ लावा, आणि हे करत असतानाच ॲम्ब्युलन्स बोलवा.

वजनाबद्दल: सगळं अनुकूल असताना एका माणसाने उचलायची शिफारस केलेली कमाल मर्यादा २३ किलो मानतात. ५० किलोची गोणी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. ट्रॉली, हॉइस्ट, किंवा दोघांनी उचलणं हे चोचले नव्हेत.

अपघात झालाच तर

आधी धोका थांबवा, मग माणसाकडे जा. वीज असेल तर मेन बंद केल्याशिवाय हात लावू नका. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा. साइटवर निदान दोघांना हे शिकवून ठेवा, वाचून ते येत नाही.

उंचावरून पडलेल्याला उचलून रिक्षात घालणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. मणक्याला इजा असेल तर त्या हलवण्याने आयुष्यभराचं अपंगत्व येऊ शकतं. आग, माती, पाणी असा जीवावरचा धोका नसेल तर तिथेच, डोकं आणि मान स्थिर धरून, ॲम्ब्युलन्सची वाट बघा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने थेट, जोरात आणि सतत दाबा, मधे मधे उचलून बघू नका. अंगात घुसलेली सळई उपसू नका, तीच रक्त रोखून धरत असते. लांब असेल तर ती कापण्याचं काम बचाव पथकावर सोडा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फाला लागलं तर ते जोडता येत नाही.

जवळच्या ट्रॉमा सेंटरचा आणि ॲम्ब्युलन्सचा नंबर, साइटचा पूर्ण पत्ता आणि गाडी आत यायचं गेट, हे मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. फोन करणाऱ्याला घाबरलेल्या अवस्थेत पत्ता आठवत नाही.

त्यानंतर

जखमी माणूस रवाना झाला की जागा तशीच ठेवा, फोटो काढा, पाहणाऱ्यांचं म्हणणं त्याच दिवशी लिहून घ्या, आणि तुमच्या भागातल्या कायद्यानुसार ज्या अधिकाऱ्यांना कळवायचं त्यांना ठरलेल्या मुदतीत कळवा. 'कामगाराचं लक्ष नव्हतं' इथे चौकशी संपवू नका. लक्ष कधी ना कधी सगळ्यांचंच चुकतं. ते चुकलं तरी पडू नये अशी सोय का नव्हती, हे विचारा. कठडा का काढला होता? कुणाच्या सांगण्यावरून? परत का लागला नाही? उत्तर माणसाच्या नावापाशी थांबलं तर अजून एकदा 'का' विचारा.

थोडक्यात टळलेले प्रसंगही त्याच वहीत लिहा. वीट खाली पडली आणि कुणाला लागली नाही, तर ती नोंद फुकट मिळालेली सूचना आहे. सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हे मात्र पाळा.

अपघाताची नोंद करताना तारीख, वेळ, कामाची जागा, कुठलं काम चालू होतं, कुठली इजा आणि उपचार कुठे, हे सगळं लिहून जखमी माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना तिची सही-शिक्क्याची प्रत द्या. रोजंदारीवरच्या माणसाकडे आपण त्या दिवशी त्या साइटवर होतो याचा दुसरा पुरावा बहुतेक वेळा नसतो, आणि नुकसानभरपाईचा अर्ज त्याच कागदावर अडतो. हजेरीपटाची नक्कल, ठेकेदाराचं नाव आणि विम्याचा क्रमांक त्या प्रतीला जोडलेला असावा.